हडंब्याचे दिवस

आश्विन लागला की कंधारच्या चहूबाजूंची शिवारं घुमायला लागतात. सकाळचं दव वाळतं, ऊन जरा चढतं, आणि कुठल्या तरी रानात ट्रॅक्टर सुरू होतो. त्याच्यामागे जोडलेलं मळणीयंत्र धडधडायला लागतं. थोड्या वेळाने किल्ल्याच्या पलीकडून दुसरं सुरू होतं, मग तिसरं. या यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. लोकांना त्याचा आवाज सुगीचा वाटतो. सोयाबीन घरात येणार, दिवाळी तोंडावर आली. हवेत भुशाचा बारीक, गोडसर वास असतो, आणि गल्लीतली पोरं तो आवाज तोंडाने काढत धावत असतात.

मला त्या आवाजाची भीती वाटते.

आज सकाळी दारात बसून एका ब्लाउजला हुका लावत होते. आवाज कानावर यायच्या आधीच मानेवरची कातडी आखडली. मग तळहात ओले झाले. मग कुठे कळलं, की हडंबा सुरू झालाय. अंग आधी ऐकतं, कान मागून. मी सुई पिनकुशनमध्ये टोचून ठेवली, दोन्ही पावलं फरशीवर नीट टेकवली आणि समोर दिसेल ते बघत राहिले. जास्वंदीची कुंडी. शेजाऱ्यांची स्कूटी. तारेवर वाळत टाकलेला पिवळा परकर. पाखरू बसलेली विजेची तार. श्वास लांब सोडला. पुन्हा सोडला. पाच-सात मिनिटांनी सुई हातात घेता आली. आवाज चालूच होता.

एवढं जमायला मला तीन वर्षं लागली. भीती गेली का, असं लोक विचारतात. नाही गेली.

आमचं सासरचं रान गावाकडे आहे, कंधारपासून तासाभराच्या आत. ते थोरले भाऊजी आणि माझी मोठी जाऊ कौशल्या बघतात. जावेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. माझे मिस्टर कंधारच्या शाळेत शिकवतात, म्हणून आम्ही इथे राहतो. मी घरीच शिलाईचं काम करते. सुगीच्या वेळी मात्र चार-सहा दिवस रानात जायचं, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. मला ते दिवस आवडायचे. अक्का भाकरी बांधून आणायची, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. हडंब्यातून दाणे पोत्यात पडायला लागले की तिच्या तोंडावर एक वेगळंच तेज चढायचं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मावळतीकडे ढग भरून आले होते. सगळ्यांना घाई. सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री ओढून काढली, बाया कवेत मावतील तेवढे कवळे उचलून देत होत्या, माणसं ते हडंब्याच्या तोंडात लोटत होती. ट्रॅक्टरपासून हडंब्याला जोडणारा एक लोखंडी दांडा असतो, शाफ्ट म्हणतात त्याला. तो इतक्या वेगाने फिरतो की फिरतोय हे दिसतच नाही; उभाच आहे असं वाटतं. धुळीमुळे मी तोंडाला आणि गळ्याभोवती ओढणी गुंडाळली होती. खाली सांडलेलं सोयाबीन सारायला वाकले. ओढणीचं टोक पुढे लोंबलं असावं.

दुखलं नाही. ते मला आजही नवल वाटतं. फक्त एक हिसका, आणि मग जग एकदम जवळ आलं. तो दांडा माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता. श्वास आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता. ओरडायला आवाज नव्हता. आणि सगळीकडे ती धडधड. ती माझ्या दातांत होती, हाडांत होती.

मग अक्का. तिने डाव्या हाताने ओढणी धरली, उजव्या हातातल्या विळ्याने माझ्या गळ्यापाशी सपकन वार केला. मी मागे धुळीत पडले. ओढणीचा उरलेला तुकडा दांड्याने ओढून घेतला, आणि त्याच्यासोबत अक्काच्या डाव्या हाताची दोन बोटं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत अक्का माझ्यावर वाकली होती आणि म्हणत होती, "रेखा, दम घे. दम घे गं बाई." हाताकडे ती बघतच नव्हती.

नांदेडला दवाखान्यात तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाचवता आली नाहीत. माझ्या गळ्याला निळा-काळा पट्टा उठला होता, तो पंधरा दिवसांत विरला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. सगळे तेच म्हणत होते. मीही म्हणत होते.

मग घरी येऊन शिलाई मशीनवर बसले. पाय पायडलवर ठेवला, चाक फिरलं, पट्टा फिरला, आणि पुढचं कळलं तेव्हा मी अंगणात उभी होते. अनवाणी, हातात कापलेली बाही. कशी बाहेर आले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मशीनवर चादर टाकली.

शिंपिणीच्या गळ्यात टेप असतो. मला तो गळ्यात घालवेना. मंगळसूत्रही घालवेना, घातलं की कुणीतरी मागून ओढतंय असं वाटायचं. मी ते काढून ठेवलं, आणि बायांच्या नजरा गळ्यावर यायला लागल्या. एक तर सरळ म्हणाली, "नवरा असून असा मोकळा गळा?" मिक्सर एकटीने लावायची हिंमत नव्हती, आणि दुसऱ्या कुणी लावला तर मी परसात जाऊन उभी राहायची. शेवटी तो माळ्यावर टाकला. पंख्याखाली बसवत नव्हतं.

मिस्टर चांगले आहेत. पण ते म्हणायचे, "झालं ते झालं, डोक्यातून काढून टाक." मी त्यांना कसं सांगू, की ते डोक्यात नव्हतंच? डोक्याला सगळं ठाऊक होतं. मशीन बंद आहे, रान दूर आहे, मी घरात आहे. मानेला ठाऊक नव्हतं. पोटाला ठाऊक नव्हतं. नांदेडला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या. झोप यायला लागली. दचकणं मात्र कातडीत राहिलं.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की मी अक्काला टाळायला लागले. ती दोनदा कंधारला आली. पहिल्यांदा मी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिले. दुसऱ्यांदा ती गल्लीत शिरताना दिसली, तर मी मागच्या दाराने शेजारी गेले. तिचा तो हात मला बघवत नव्हता. जिने मला वाचवलं तिच्यापासून मी चोरासारखी लपत होते.

पुढच्या जूनमध्ये माझ्या मुलीला, श्रुतीला, अकरावीला लातूरला घातलं. तिथे क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांत खोल्या घेऊन आया राहतात. पोरांना वेळेवर जेवायला घालायचं, पोरं अभ्यास करतात तोवर आवाज न करता बसायचं. मीही अशी एक आई झाले. खरं सांगायचं तर श्रुतीपेक्षा मलाच कंधार सोडायचं होतं. शहरात हडंबा नसतो.

पण शहरात बाकी सगळं असतं. बोअरची मोटर, पाण्याचा टँकर, रसवंतीचा चरक, खालच्या मजल्यावरची पिठाची गिरणी. मी दिवसातून दहा वेळा दचकायची. शेजारच्या खोलीतली एक आई मला एका ध्यानाच्या वर्गाला घेऊन गेली. मोठा हॉल, पांढऱ्या गाद्या, उदबत्ती. डोळे मिटा, विचार सोडून द्या, आत बघा. मी डोळे मिटले. आत तो दांडा फिरत होता. उभा असल्यासारखा. सगळे शांत बसलेले आणि माझा श्वास वर-वर चढत चाललेला. मी चप्पल न घालता रस्त्यावर आले. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, काय झालं?" मला सांगता येईना. ध्यानसुद्धा जमत नाही, म्हणजे आपलं आता काही खरं नाही, असं वाटून मी त्या फुटपाथवर रडले.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी कपडे वाळत घालायला जायची, तिथे सरोजम्मा दिसायच्या. देगलूरकडच्या, साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या. नातीच्या अभ्यासासाठी आल्या होत्या. गच्चीच्या कोपऱ्यात उभ्या राहून दोन्ही हात हळूहळू वर आणायच्या, हळूहळू खाली सोडायच्या, जसं काही गळ्याइतक्या पाण्यात उभ्या आहेत. आधी मला हसू आलं. मग मी रोज कपडे झटकायला जरा जास्त वेळ लावू लागले.

एके दिवशी त्यांनी हात न थांबवता विचारलं, "कशाला भिते गं अम्मा तू?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? खाली मोटर चालू झाली की तुझे खांदे कानाला लागतात. मी रोज बगते ना."

मी त्यांना सगळं सांगितलं. हातातलं ओलं फडकं पिळत, उभ्या उभ्या. त्यांनी मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

सरोजम्मा सिंगापुरात अकरा वर्षं एका म्हाताऱ्या चिनी बाईच्या सेवेला होत्या. तिला घरचे सगळे पोपो म्हणायचे, म्हणजे आजी. पोपोने लहानपणी लढाई पाहिली होती. आभाळातून बाँब पडलेले पाहिले होते. "ऐंशी वर्षांची बाई गं," सरोजम्मा म्हणाल्या, "पन विमान लई खालून गेलं की टेबलाखाली जाऊन बसायची. मग बाहेर यायची, साडी... न्हाई, तिचा तो झगा नीट करायची, आन् खिडकीत उभी राहून हे हात करायची. रोज सकाळी पन करायची. मी इचारलं, ह्यानं भय जाते का? तर म्हनली, न्हाई जात. पन मी टेबलाखालून बाहेर येते."

त्या हातांच्या करण्याला चीगाँग म्हणतात, चिनी लोकांचा श्वासाचा जुना व्यायाम. आमच्या इमारतीतल्या बायांनी त्याचं 'चिंगम' करून टाकलं. "चला, चिंगमला चला," असं म्हणत त्या हसायच्या. सरोजम्माही हसायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त उभं केलं. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे ढिले. चप्पल काढायला लावली. गच्चीचा कोबा उन्हाने कोमट झाला होता. "डोळे मिटू?" मी घाबरत विचारलं.

"कशाला? उघडे ठेव. ती टाकी बग. ते कबुतर बग. तुझं भय आत हाय, मग आत कशाला जाते? बाहेर ऱ्हा."

मला कुणी तरी दार उघडून दिल्यासारखं झालं. ध्यान म्हणजे डोळे मिटणं, असं मी धरून चालले होते. इथे टाकीवरचा हिरवट शेवाळाचा ओघळ बघायचा होता, लांबून येणाऱ्या फोडणीचा वास घ्यायचा होता, आणि तळव्याखाली कोबा आहे एवढं ध्यानात ठेवायचं होतं. मग श्वास घेताना हात छातीपर्यंत वर. सोडताना खाली. सोडणं घेण्यापेक्षा लांब. "मेल्लगा, मेल्लगा," त्या म्हणत राहायच्या. हळू, हळू.

आठव्या की नवव्या दिवशी हात वर असतानाच बोअरची मोटर सुरू झाली. टाकीच्या अगदी बाजूला. मी पळाले. दोन मजले उतरून जिन्यात बसले, कान दाबून. माझ्या मांड्या थरथरत होत्या. मला वाटलं, सरोजम्मा रागावतील. त्या गुडघे धरत एक-एक पायरी उतरत आल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. मी पाय घट्ट आवळून थरथर थांबवायला बघत होते.

"दाबू नको," त्या म्हणाल्या. "कुत्र्याला मार बसला तर ते काय करते? आडोशाला जाऊन सगळं अंग झाडते, मग चालायला लागते. तू झाडलंच न्हाई. तुझं अंग अजून त्या मशीनपाशीच उभं हाय. त्याला कळू दे, मशीन बंद झाली म्हनून."

मी सोडून दिलं. जिन्यात बसून माझं सगळं अंग हललं, दात वाजले. कॉलेजची दोन पोरं वरून उतरली, आम्हाला बघून बावरली आणि भिंतीला लागून निघून गेली. मोटर चालूच होती. मी तिथेच होते. नंतर मला इतकी भूक लागली, की मी श्रुतीसाठी केलेले पोहे सगळे खाल्ले.

हे सगळं ऐकायला सोपं वाटतं. तसं ते सरळ पुढे गेलं नाही. जुलैत मी पंखा एकवर लावून झोपले. ऑगस्टमध्ये घरमालकिणीच्या मशीनवर श्रुतीच्या मैत्रिणीच्या सलवारीची शिवण मारली, आधी चाक हाताने फिरवत, नुसत्या वीतभर कापडापुरती. आणि गणपतीत ढोल वाजले तेव्हा पुन्हा दोन दिवस पलंगावरून उठले नाही. गोळ्या सोडून देऊ का, विचारलं, तर सरोजम्मा एकदम नर्ससारख्या कडक झाल्या. "गोळी डॉक्टर बंद करतील. हात तू करायचे. दोन्ही पायजे."

दसऱ्याच्या आसपास मिस्टरांचा फोन आला. हडंबा पुढच्या आठवड्यात येणार होता. "तू येऊ नकोस," ते म्हणाले. "अक्कानेच सांगितलंय, रेखाला बोलवू नका." ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटलं नाही. अक्का माझ्यावर रागावली असणार. रागवायलाच पाहिजे.

सरोजम्मांना विचारलं, जाऊ का? त्यांनी वर आणलेले हात हळूहळू खाली सोडले. मग म्हणाल्या, "भीत भीतच जा. पाय कुठं हाय ते इसरू नको. न्हाई ऱ्हावलं तर परत ये. ते पन चालते."

लातूरहून बस निघाली. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंज्या, ताडपत्र्या, मधूनच कुठे पिवळ्या धुळीचा लोट. प्रत्येक लोट दिसला की मी समोरच्या सीटचा दांडा धरायची, मग तो दांडा आहे हे लक्षात येऊन हात सोडायची. शेजारच्या बाईने मला लिंबू दिलं. तिला वाटलं, बस लागतेय.

गावाकडच्या घरी पोहोचले तेव्हा अक्का स्वयंपाकघरात खाली बसून पाट्यावर चटणी वाटत होती. वरवंटा उजव्या हातात, डाव्या हाताची तीन बोटं नुसती टेकवलेली. मला बघून तिचा हात थांबला.

"तू कामून आलीस?"

माझं लक्ष फळीकडे गेलं होतं. सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, मिक्सर होता. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, गाठ मारलेला.

"मिक्सर बिघडला का, अक्का?"

"न्हाई. ह्यांना पाट्यावरची चटणी लागते."

"लाईट असून?"

"हाव."

"माझाबी वर्षभर माळ्यावर होता, अक्का."

ती माझ्याकडे बघत राहिली. वरवंटा तिने हळूच बाजूला ठेवला. ही बाई गावभर सांगत फिरली होती, दोन बोटं गेली तर गेली, अंगठा हाय की. हॉस्पिटलात ती नर्सला हसवत होती. मला वाटलं होतं, भित्री मी एकटी.

मी तिच्यासमोर खाली बसले. जे बारा महिने तोंडातून निघालं नव्हतं ते म्हटलं, "तुमची बोटं माझ्यामुळं गेली."

"बोटांचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मी विळा हाणला तवा मला काई दिसलं न्हाई, रेखा. धूळ व्हती. ओढनी कापली का तुजा गळा कापला, मला दिसलंच न्हाई. तू मागं पडलीस. अजून रोज पहाटं उठते, आन् पयलं हेच येतं मनात, की म्या गळा कापला तिचा. घरचे म्हनतात, अगं बरी हाय ती. मंग मला दिसत कामून न्हाई? मी दोनदा आले कंधारला. तू दिसलीच न्हाईस."

मी लपले होते. तिचा हात बघवत नाही म्हणून मी लपले, आणि तिला माझा गळा बघायचा होता.

"म्हणून मला बोलवू नका म्हणालात?"

"मशीनपाशी तू उभी ऱ्हायलीस तर मी तितंच मरन."

मी पदर बाजूला केला. मान वर केली. वर्षभरात त्या गळ्याला मी एक दोरासुद्धा लागू दिला नव्हता. अक्काने हात पुढे केला, तो डावा, चटणीचा. मध्येच थांबला. मी तो धरला आणि गळ्यावर ठेवला.

त्या क्षणी मला किती भीती वाटली ते लिहिता येणार नाही. सगळं अंग मागे जायला बघत होतं. मी चुलीकडे बघितलं, पितळी कळशीकडे बघितलं, मांडीखालची गार शहाबादी फरशी ध्यानात धरली. श्वास सोडला. अक्काची तीन बोटं माझ्या गळ्यावरून एकदा इकडून तिकडे फिरली, जसं कुणी कापडावर शिवण तपासतं. मिरचीची आग होत होती.

"हाय की गं," ती म्हणाली. "सगळा हाय."

मग आम्ही दोघी हमसून रडलो. चटणी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी तिला उभं राहायला शिकवलं. गुडघे ढिले, डोळे उघडे, हात वर, हात खाली. तिला ते लवकर जमलं; धान्य पाखडणाऱ्या बाईच्या हातांना लय ठाऊक असते. थोरले भाऊजी तांब्या घेऊन आले आणि थबकले. "काय करून राहिल्या तुम्ही दोघी?"

"वारं हाकलून राहिलो," अक्का म्हणाली. "तुमी जावा तिकडं."

मध्येच तिचे गुडघे लटपटायला लागले. ती शरमली. मी तिला सांगितलं, होऊ द्या. ती आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली आणि बराच वेळ थरथरत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. थोडं मी तिच्यासाठी थरथरले, थोडं माझ्यासाठी.

माझ्या मनात कधी कधी येतं, की भीतीला आपण फार खोटं समजतो. मनाचे खेळ म्हणतो, हसतो, डोक्यातून काढून टाक म्हणतो. पण मानेला जे ठाऊक होतं ते खरंच घडलेलं होतं. त्या श्वासांनी, त्या हातांनी भीती गप्प बसली नाही. ती नुसती इतकी हळू बोलायला लागली, की ती काय म्हणतेय ते मला ऐकू यावं.

तिसऱ्या दिवशी हडंबा आला. आम्ही दोघी रानात गेलो. भाऊजी नको म्हणत होते, मिस्टर फोनवरून नको म्हणत होते. सहा मजूर बाया होत्या, तोंडाला, गळ्याला ओढण्या गुंडाळलेल्या. ट्रॅक्टर नवा होता, ड्रायव्हर तरणा. त्याने दांडा जोडला, वर चढून किल्लीला हात घातला. आभाळात थोडे ढग होते.

"थांब," अक्का म्हणाली.

तिचा आवाज बारीक निघाला. त्याला ऐकू गेलं नाही. ती चार पावलं पुढे गेली, मीही तिच्याबरोबर गेले, आणि आम्ही ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभ्या राहिलो. माझे पाय मातीत होते. मला तेवढंच कळत होतं.

"त्या दांड्यावर झाकन कुटंय?" अक्काने विचारलं.

ड्रायव्हर हसला. "मावशी, झाकन काढून ठेवलंय घरी. ग्रीस लावायला अडचन व्हते. आजवर कुनी मागितलं न्हाई."

अक्काने डावा हात वर केला. "हे बग. आता मागितलं."

तो खाली उतरला. भाऊजी पुढे आले, आभाळाकडे बघत म्हणाले, "अगं, पाऊस आला तर? तासभर जाईल."

"भिजू द्या," अक्का म्हणाली. तिचं सगळं अंग थरथरत होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. तिने ते लपवलं नाही. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

तो गेला. आम्ही सगळ्याजणी गंजीच्या सावलीत बसलो. मग एका तरण्या बाईने गळ्याभोवतीची ओढणी सोडली, तिची लोंबती टोकं पोलक्यात आत खोचली. तिचं बघून दुसरीने. मग सगळ्यांनी.

तासाभराने तो झाकण घेऊन आला. पत्र्याचं, गंजलेलं, एका बाजूने चेपलेलं. खाली बसून त्याने चार बोल्ट आवळले, हलवून बघितलं, पुन्हा आवळले. हात पुसत उभा राहिला आणि अक्काला म्हणाला, "करू का चालू?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं.

श्वास वरच अडकला होता. पळून जायला बांधापर्यंतची वाट मोकळी होती, ती मी आधीच बघून ठेवली होती. मी श्वास खाली, खाली, अगदी पावलांपर्यंत सोडला, आणि मान हलवली.